उलट्या छत्र्यांखालची मुक्ताबाई

मुक्ताबाईला प्रश्न पडायचे आणि ते तोंडात राहायचे नाहीत. लग्न होऊन घणसोली गावात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं घरमालकिणीला, बाळाबाईला, विचारलं होतं, "तुमच्या गावच्या हिरीचं पाणी मचूळ लागतंय, ते का?" बाळाबाई तेव्हा तरणीताठी होती. पाटण तालुक्यातल्या डोंगरातून परवा-परवा उतरलेली ही पोर आपल्या गावच्या पाण्याला नावं ठेवते म्हणून ती आधी फणकारली. मग हसली आणि म्हणाली, "खारी जवल हाय ना बाय. समुंदराचा पानी खालून येते." त्या एका उत्तरावर दोघींची जी गट्टी जमली, ती आजतागायत.

मुक्ताबाईचा नवरा हौसेराव माथाडी. पाठीवर कांद्याची गोण घेऊन तो चालायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, गोणीत कापूस भरलाय. पूर्वी तो मुंबईत, मशीद बंदराच्या बाजूला हमाली करायचा. तिथल्या गल्ल्यांत ट्रक शिरेनात, शिरले तर निघेनात, म्हणून हळूहळू घाऊक व्यापार खाडीपलीकडे नव्या शहरात आणायचं ठरलं. त्या धामधुमीत तुर्भ्याची मोठी मार्केटं झाली. त्यांच्याआधी का नंतर, त्यावर अजून वाद होतात, पण पावणे गावाच्या अंगाला एक लहानसं झाकलेलं मार्केटही उभं राहिलं. कांदा, बटाटा, लसूण आणि थोडी पालेभाजी. कागदावर त्याचं नाव काय होतं ते आता कुणालाच सांगता येत नाही. सगळे त्याला छत्री मार्केट म्हणतात.

छत्री म्हणायचं कारण आत शिरलं की कळतं. भिंती जवळजवळ नाहीतच. मोठमोठे चौकोनी खांब, आणि प्रत्येक खांब वर जाऊन चहूबाजूंनी फाकलेला, जणू ओंजळ उघडून धरलीय. अशा ओंजळी एकमेकींना लागून, ओळीनं. एक ओळ थोडी उंच, शेजारची थोडी खाली, त्यामुळे मधल्या फटींतून उजेड झिरपतो आणि कांद्याचा उग्र वाफारा वर निघून जातो. गाळ्यांसमोरचा धक्का ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा, म्हणजे माल उतरवताना माणसाला वाकावं लागू नये. खाडीवरचा वारा पश्चिमेकडून शिरतो आणि थेट दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो. ऐन वैशाखातही तिथं बसून काम करता येतं.

मुक्ताबाई तिथं कांदा निवडायला बसायची. जोडकांदा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, नासका पाटीत. उत्तरेच्या टोकाला असलेल्या एका गाळ्यापाशी तिची जागा होती आणि पाठ टेकायला शेवटचा खांब. पाऊस सुरू असला की त्या खांबातून आवाज यायचा. कुणीतरी आत बसून घटाघटा पाणी पितंय असा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दचकून उठलीच होती. मग विचारत सुटली. गाळ्याचा मालक म्हणाला, वर टाकी असेल. एक हमाल म्हणाला, खांबाखाली खाडी आहे, भरतीला बोलते. दुसऱ्यानं सांगितलं की सिमेंट वाचवायला खांब पोकळ केलेत, आत उंदीर फिरतात. घरी आल्यावर तिनं हौसेरावाला विचारलं.

"खांबाला पोट असतंय," तो भाकरी मोडत म्हणाला. "तुजं आपलं काईतरीच. कांदं निवडायचं सोडून खांबाला कान लावून बसती व्हय?"

"आवं पण पाणी येतंय कुटनं आन् जातंय कुटं?"

"जाईना का कुटं बी. आपल्या डोक्यावर पडत न्हाई न्हवं?"

हौसेरावाचं असंच होतं. जगात जे आहे ते आहे, त्याच्या बुडाशी हात घालू नये, हा त्याचा धर्म. माणूस मायाळू, शब्दाला पक्का, पण प्रश्न विचारणं त्याला कुणाच्या तरी खिशात हात घातल्यासारखं वाटायचं.

मुक्ताबाईची एक इच्छा मात्र कायम राहिली. हे छप्पर एकदा वरून बघायचं. इतकी वर्षं ज्याच्या सावलीत काढली ते वरून दिसतं कसं? तिचा अंदाज होता की वर सपाट गच्ची असणार, इमारतीला असते तशी, आणि तिच्यावर एखादी भलीथोरली टाकी. पण वर जायला जिना नव्हता. कधीमधी डागडुजीला माणसं शिडी लावून चढायची, ती उतरली की मुक्ताबाई त्यांना गाठायची. "काय हाय वर?" "काय नाय मावशी, घाण आहे," एवढंच उत्तर मिळायचं.

मार्केटच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, तिच्या खांबाला लागूनच, एक दगडी कुंड होतं. कमरेइतकं खोल, दोन पायऱ्यांचं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं आणि पुढे कितीतरी महिने त्यात नितळ पाणी असायचं. होळीच्या सुमाराला कुठं ते तळाला जायचं. साताऱ्याकडच्या हमालांनी फार पूर्वीच त्याच्या काठावर एक तांदळा, म्हणजे देवाचा बिनघडीव दगड, मांडून त्याला हळद लावली होती. पालीचा खंडोबा आपल्या लेकरांमागं इथवर आला आणि त्यानं पाणी काढलं, अशी सगळ्यांची श्रद्धा. पहिला नारळ तिथं हौसेरावानं फोडला होता. चंपाषष्ठीला तळी भरली जायची. मुक्ताबाईनंही लेक सुनयनाचं लग्न जमलं तेव्हा तिथं दिवा लावला होता.

बाळाबाई एकदा गोल्टी कांदा न्यायला मार्केटात आली आणि कुंडाच्या काठावर टेकली. ओंजळभर पाणी तोंडाला लावून तिनं भुवया वर केल्या.

"यो पानी गोड कसा?"

"खंडोबाचं हाय," मुक्ताबाई म्हणाली.

"आसंल. पन माजा बापूस याच जागंवर मिठागरात काम करीत व्हता. आथं गोड पान्याचा थेंब नव्हता. प्याला पानी घरशी मडक्यान घेवून यावा लागं. हातभर खोदला तरी खारा." ती काठावरचा दगड चाचपत राहिली. "देव आला आसंल तर चांगलाच हाय. पन माजे बापाचे येळंला कनाला नाय आला?"

बाळाबाई कांदे घेऊन गेली आणि मुक्ताबाईच्या डोक्यात आणखी एक भुंगा सोडून गेली.

मार्केटला वयाची झळ लागत गेली. ओंजळींच्या कडांचं सिमेंट सुटून आतल्या गंजक्या सळ्या दिसायला लागल्या. एकदा एक खपली पडून एका टेम्पोची काच फुटली. मग बैठका झाल्या, फलक लागले, जाळ्या बांधल्या, आणि ठरलं की हे पाडून नवं बांधायचं. त्याआधी सगळ्याची मापं काढून ठेवावीत म्हणून वास्तुरचनाकारांच्या एका कार्यालयाला काम दिलं गेलं. तिथून आली क्षिप्रा.

क्षिप्रा नेरुळच्या फ्लॅटात वाढलेली, नुकतीच शिक्षण संपवून कामाला लागलेली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात लाल ठिपका फेकणारं यंत्र. तो ठिपका फिरत फिरत मुक्ताबाईच्या कांद्यांच्या ढिगावर येऊन थांबला.

"ह्यो काय करतोय गं, तांबडा?"

"मोजतोय मावशी. इथून तिथपर्यंत किती लांब आहे ते."

"उजेडानं?"

"हो. उजेड जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो त्यावरून."

मुक्ताबाईनं हातातला कांदा खाली ठेवला. "उजेडाला याळ लागतो?"

क्षिप्रानं यंत्र बंद केलं आणि तिच्याशेजारी पोत्यावर बसली. त्या दिवशी तिच्याकडून फारशी मापं झाली नाहीत. दुसऱ्या दिवशीही मुक्ताबाईनं तिला धरून ठेवलंच. तिला 'क्षिप्रा' म्हणता येईना, ती 'शिपरा' म्हणायची. शिपरानं मग खांबाचं कोडं चार वाक्यांत सोडवलं.

"मावशी, ही छत्री उलटी आहे. म्हणजे वाऱ्यानं छत्री उलटते ना, तशी. कडा वर, मध्ये खोलगट. सगळा पाऊस मध्ये गोळा होतो आणि खांबातल्या पाईपमधून खाली येतो."

मुक्ताबाई खांबाकडे बघत राहिली. "म्हंजी वर गच्ची न्हाई?"

"नाही. एकही सपाट जागा नाही."

आपला इतक्या वर्षांचा अंदाज चुकला, याचं तिला दुःख होण्याऐवजी भलताच आनंद झाला. तिनं पाठ टेकायच्या जागी खांबावर दोनदा थाप मारली. "मग ह्यातनं खरंच पाणी जात हुतं! उंदीर म्हनं, उंदीर!" आणि लगेच, "मग फुडं कुटं जातं?"

"खाली गटार असणार. तिथून मोठ्या नाल्याला, मग होल्डिंग पाँड, म्हणजे साठवणीचा तलाव, मग खाडी."

"असनार, का हाय?"

क्षिप्रा थांबली. मूळ नकाशे तिच्या कार्यालयाला मिळालेच नव्हते. ते कुठं होते, होते की नव्हते, कुणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "खरं सांगू? मी धरून चालले होते. पण बघायला पाहिजे. वरून रंगीत पाणी सोडायचं आणि नाल्यावर कुठं निघतं ते बघायचं. रंग मागवलाय, अजून आला नाही."

"रंग कशाला? हळद टाक की. मी आनते. हळदीचा डाग लवकर फिटत न्हाई."

मार्केटची देखभाल रणजीत नावाच्या माणसाकडे होती. तो तसा भला, पण सतत कुणाला तरी उत्तर द्यायचंय अशा काळजीत वावरणारा. मापांसाठी उत्तरेच्या टोकाला लोखंडी परांची उभी केली होती, तिला जिन्यासारख्या पायऱ्या होत्या. मुक्ताबाई वर येणार म्हटल्यावर त्यानं हात जोडले.

"मावशी, ह्या वयात? काय झालं तर माझी नोकरी जाईल."

"डोंगरात जन्मलीया मी. लाकडाची मोळी घेऊन उतरलीया. ही तर शिडी हाय, हिला कठडा बी हाय."

"टेन्शन देऊ नका ना."

"तू फुडं हो, शिपरा माज्या मागं. मधी मी. पडलीच तर तुमच्यावर पडन."

अखेर तिला हेल्मेट घालून, कमरेला पट्टा बांधून वर घेतलं. पदरावर हेल्मेट काही नीट बसेना, शेवटी तिनं पदर खोचला. खालून बायका हसत होत्या, कुणी मोबाईल काढला होता. मुक्ताबाई एकेक पायरी पायानं चाचपत चढली. शेवटच्या पायरीवर रणजीतनं हात दिला आणि ती कडेच्या फळीवर उभी राहिली.

तिनं हेल्मेट मागं सारलं आणि डोळ्यांवर आडवा हात धरला.

पुढे, पार दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीनं काँक्रीटची मोठमोठी ताटं मांडली होती. खोलगट, चारी कडा उचललेली, प्रत्येकाच्या मधोमध एक भोक. काळीशार, शेवाळानं जागोजाग मखमली झालेली. आणि रिकामी नव्हती. एका ताटात पिंपळ रुजला होता. एकात गवत वाऱ्यावर लवत होतं. कावळ्यांनी खालून काय काय पळवून आणलं होतं कोण जाणे. तिसऱ्या ताटात मातीचा थर साचला होता आणि त्यात कांद्याची रोपं उभी होती, फुलांवर आलेली, पांढरे गोल गोंडे डोलत होते.

"आगं बया," ती हळूच म्हणाली. "हितं तर शेत हाय."

सगळ्याच्या पलीकडे पावण्याचे कारखाने, त्यांची पत्र्यांची छपरं, मागं खाडीची चकाकती पट्टी. पूर्वेला पारसिकचा डोंगर. उत्तरेला घणसोलीचे उंच टॉवर आणि त्यांच्या पायाशी कुठंतरी तिचं घर, दिसत नव्हतं पण असणार. तिनं उगीचच तिकडे हात केला.

"आजूबाजूला सपाट छपरं, पत्रे," क्षिप्रा म्हणाली, "आणि हे एकच असं. ज्यानं कुणी काढलं असेल ना मावशी, त्याला पावसाबद्दल प्रेम असणार. नाहीतर पाणी लोक छपरावरून ढकलून देतात. यानं ते मध्ये बोलावलंय."

"कोन हुता गं त्यो?"

"शोधतेय. अजून सापडला नाही."

मग त्यांनी हळद कालवली. मुक्ताबाईनं घरून आणलेली पिशवी बादलीत रिकामी केली, क्षिप्रानं ढवळली, रणजीतनं आग विझवायच्या नळीतून मागं भरपूर पाणी सोडलं. पिवळाधमक लोट मुक्ताबाईच्या खांबावरच्या ताटातून गोल फिरत मधल्या भोकात शिरला. खांब जागा झाला, घटाघट आवाज करत. रणजीतचा एक माणूस नाल्याच्या तोंडाशी उभा होता. फोनवर 'अजून नाही' सांगून सांगून तो कंटाळला. नाल्यात पिवळं टिपूसही आलं नाही.

"ब्लॉक झालं असेल," क्षिप्रा निराश होऊन म्हणाली.

तेवढ्यात खाली, उत्तरेच्या कोपऱ्यात, गलका उठला.

मुक्ताबाई उतरून पोहोचली तोवर कुंडाभोवती गर्दी जमली होती. हमालांनी डोक्याला गुंडाळलेली फडक्याची टापर काढून हातात घेतली होती. कुंडातलं नितळ पाणी तळातून ढवळून येत होतं आणि पिवळं होत होतं. आधी फिकट, मग गडद, मग अगदी भंडाऱ्यासारखं. एक म्हातारा हमाल पायरीवर लोटांगण घालत होता. कुणीतरी ओरडलं, "येळकोट येळकोट!" आणि छपराखालून शंभर गळ्यांनी उत्तर दिलं, "जय मल्हार!"

क्षिप्राचा चेहरा उतरला. तिनं मुक्ताबाईचा दंड धरला. "मावशी, आपण हे काय केलं?"

मुक्ताबाईच्या बोटांना अजून हळद लागली होती. ती तिनं नकळत पदरात लपवली. पाणी कुठं जातं ते तिला कळलं होतं. गोड का, तेही कळलं होतं. बाळाबाईच्या बापाच्या वेळी ते का नव्हतं, याचंही उत्तर समोर होतं; तेव्हा छप्परच नव्हतं. इतक्या वर्षांची सगळी कोडी एका क्षणात सुटली आणि सुटली ती अशा जागी की कुणाला सांगायची चोरी.

बातमी घणसोलीला पोहोचायला वेळ लागला नाही. काम सोडून घरी बसलेला, गुडघ्यांनी जेरीला आलेला हौसेराव रिक्षा करून आला. लोकांनी त्याला वाट दिली. पहिला नारळ त्याचा होता ना. तो कुंडाच्या काठाला टेकला, पाण्यात हात घातला आणि पिवळा तळवा कपाळाला लावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बगितलंस का गं?" तो मुक्ताबाईला म्हणाला. "पाडाय निघाल्यात म्हनून देवानं दाखिवलं. मी हाय म्हनला."

तिथं ती गप्प राहू शकली असती. पुष्कळांनी तिला नंतर तसं सुचवलंही. पण ज्या माणसाला ती आयुष्यभर 'खरं काय?' म्हणून विचारत आली, त्याला खोटं घेऊन घरी जाऊ देणं तिला जमेना. ती त्याच्याशेजारी बसली, पदरातला हात बाहेर काढला.

"आवं, ती हळद माजी हाय. म्या वरनं टाकली. छपराचं पाणी खांबातनं हितं येतंय."

हौसेरावानं तिच्या बोटांकडे बघितलं. मग कुंडाकडे. मग कुणाचाही आधार न घेता उठला आणि रिक्षाकडे चालू लागला.

हमालांमध्ये दोन तट पडले. काही म्हणाले, बाईनं देवाची थट्टा केली. काही म्हणाले, हळद बाईची असेल, पण कुंडातच कशी आली, ती देवाचीच करणी. रणजीतनं दोन्ही बाजूंना हात जोडले आणि क्षिप्राला पुढचे काही दिवस येऊ नकोस म्हणून सांगितलं. मुक्ताबाई कामावर जात राहिली. शेजारच्या बायका बोलायच्या, पण जपून.

घरी तर शब्दच संपला होता. हौसेराव ताट पुढं आलं की जेवायचा, चहा दिला की प्यायचा. बाळाबाई मधे पडली. "बायकोन खरा सांगितला तं राग, खोटा सांगितला आसता तं काय केला आसता?" तिच्याकडेही त्यानं पाठ फिरवली. मुक्ताबाईला पहिल्यांदाच वाटलं, आपण एक प्रश्न कमी विचारला असता तर बरं झालं असतं. असं वाटणं तिला अजिबात मानवलं नाही. तिचं जेवण तुटलं.

मग एके दिवशी सकाळी, ती डबा भरत असताना, भिंतीकडे तोंड करून बसलेला हौसेराव एकदम म्हणाला, "एक सांग. पाऊस तर दसऱ्याला जातो. मग कुंडात पाणी शिमग्यापतोर ऱ्हातं कसं?"

डबा तसाच राहिला. संसारात त्यानं तिला विचारलेला असा हा पहिला प्रश्न.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली.

"तुज्या त्या शिपराला ठावं हाय?"

"तिला बी न्हाई."

"मग इचारा की कुनाला तरी. का अर्ध्यातच सोडनार?"

क्षिप्रा परत आली ती हौसेरावाच्या निरोपावरून. रणजीतनंही मान डोलावली, कारण आता विचारणारा पहिल्या नारळाचा मानकरी होता. कुंडामागची फरशी हातोडीनं ठोकत गेल्यावर एका जागी आवाज पोकळ आला. हमालांनीच पहारी लावल्या. देवाच्या जागेत दुसऱ्या कुणाचा हात नको म्हणून, आणि खरं तर आपल्यालाच आधी बघायचंय म्हणून. फरशी सरकली. थंडगार हवेचा झोत वर आला, मातीच्या नव्या माठाला येतो तसा वास घेऊन.

क्षिप्रानं विजेरी आत धरली. खाली पाणी होतं. नुसतं पाणी नव्हे, मार्केटच्या धक्क्याखाली लांबवर अंधारात गेलेलं तळघर, बुटक्या खांबांच्या रांगा, मधे आडव्या ठेंगण्या भिंती, एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी सांडत यावं आणि गाळ मागं राहावा अशा. वरच्या प्रत्येक छत्रीचा एकेक नळ त्यात उतरत होता.

"कुंड म्हणजे या तळघराचंच तोंड, आणि शेवटच्या खांबाचा नळ अगदी त्या तोंडाशी उतरलाय," क्षिप्रा म्हणाली. "म्हणून हळद लगेच दिसली. दुसऱ्या टोकाला ओतली असती तर इतक्या पाण्यात कुठल्या कुठं विरली असती. मावशी, तुम्ही तिथं बसत होता म्हणून आपण तो खांब घेतला."

"आन् हे केलंय कशापायी?"

"धक्के धुवायला असेल. त्या काळी इथं नळाचं पाणी कुठं होतं? आग लागली तर विझवायलाही. मग नळ आला आणि लोक विसरले. माझा अंदाज आहे हं. सांगणारं कुणी उरलं नाही."

हौसेरावानं दोघांचा आधार घेत गुडघे टेकले आणि डोकं भोकातून आत घातलं. बराच वेळ तसाच होता. लोक काळजीत पडले. शेवटी आतून त्याचा घुमणारा आवाज आला, "ह्येचा तळ केवडा खोल असंल?" आणि पाठोपाठ, "भित्तीला काळं काय फासलंय? डांबर का?"

बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला कोळिष्टक लागलं होतं. तो हमालांना म्हणाला, "कुणा मानसाला सुचलं ह्ये. खारटनात गोडं पाणी साटवायचं. ती बुद्धी कुणी दिली, त्ये ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं. मी नारळ फोडनार." त्यावर वाद मिटला असं नाही, पण आवाज खाली आले.

मार्केट वाचलं का? सगळं नाही वाचलं. अभियंत्यांनी सळ्या तपासल्या आणि बहुतेक छत्र्या दुरुस्तीपलीकडे गेल्याचं सांगितलं. क्षिप्रानं खूप पत्रव्यवहार केला, बैठकांना गेली, एकदा रडूनही आली. पाण्याचं तळघर मात्र भक्कम निघालं. नव्या इमारतीचं पावसाचं पाणी त्यातच सोडायचं आणि उत्तरेकडची एक ओळ डागडुजी करून ठेवायची, इथवर गोष्ट आली. तेही अजून कागदावरच आहे. मुक्ताबाईला ती ओळ राहील असं वाटतं, रणजीतला वाटत नाही. दोघं त्यावर चहाची पैज लावून बसलेत.

गाळे तात्पुरते पत्र्याच्या शेडमध्ये हलले. तिथं ऊन तापतं, वारा कोंडतो, आणि छत्रीला नावं ठेवणारे व्यापारी आता कपाळाचा घाम पुसत तिचं कौतुक करतात.

मागच्या महिन्यात क्षिप्राच्या कार्यालयानं नेरुळच्या एका सभागृहात मार्केटची रेखाचित्रं मांडली. मुक्ताबाई, हौसेराव आणि बाळाबाई रिक्षानं गेले. भिंतभर एक लांबलचक चित्र होतं. जणू सुरीनं कापून आडवं दाखवलेलं मार्केट. वर ओंजळी, मधे खांब, खाली पाण्याचं तळघर. बाळाबाईनं तळघराखालच्या रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यो काय?" क्षिप्रा म्हणाली, "मिठागराची माती, आजी." बाळाबाईनं समाधानानं मान हलवली आणि आलेल्या पाहुण्यांना बापाच्या मिठागराची हकिगत सांगायला लागली. विचारा न विचारा.

मुक्ताबाई मात्र चित्रातल्या एका माणसापाशी थबकली. खांबाशेजारी एक सडपातळ आकृती उभी होती, हात खिशात घालून.

"ह्यो कोन?"

"कुणी नाही मावशी. खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून एक माणूस काढतात."

"आसं खिशात हात घालून आमच्यात कोन उबं ऱ्हातंय?" ती हसली. "तितं बाई बसीव एक. कांद्याचा ढीग दाव फुडं."

क्षिप्रानं पर्समधून पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथं, भिंतीवर टांगलेल्या चित्रावर, खांबाच्या पायथ्याशी एक बसलेली बाई काढायला घेतली. हौसेराव चष्मा पुसून मागून वाकून बघत होता. त्यानं तीनदा विचारलं, पदर डोक्यावर आहे की खोचलेला, आणि ढिगात गोल्टी वेगळी दाखवणार का.